हत्यारे : नाव, खूण आणि जागा

जबलपूर शहराच्या दक्षिणेस, नागपूरकडे जाणारा रस्ता जेथे नर्मदा ओलांडतो, तेथे तिलवारा घाट आहे. १९३९ सालचे त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले होते आणि १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग या घाटावर नर्मदेत विसर्जित करण्यात आला. इतिहासाच्या पुस्तकांतून हे नाव वाचकाला भेटलेले असते ते या दोन घटनांमुळे. येथे त्याचा उल्लेख निराळ्या कारणासाठी करावयाचा आहे. ज्या शहराच्या वेशीवर हा घाट आहे, ते शहर शंभराहून अधिक वर्षे हत्यार हाताळणाऱ्या माणसांचे शहर आहे. तोफांचे गाडे बांधणारा ‘गन कॅरेज’ कारखाना येथे १९०४ साली उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना आला. २०२१ सालच्या ऑक्टोबरमध्ये या कारखान्यांची मालकी सरकारी खात्याकडून सरकारी कंपन्यांकडे गेली. काम मात्र तेच राहिले. या मोठ्या कारखान्यांच्या सावलीत आणि नागपूर रस्त्यावरील मालमोटारींच्या आधाराने असंख्य लहान कर्मशाळा चालतात. तेथे एक उस्ताद असतो, दोन-तीन हाताखालची माणसे असतात आणि एखादा नवशिका पोरगा असतो.

अशा कर्मशाळेत दिवसभरात सर्वांत अधिक वेळा उच्चारला जाणारा प्रश्न कोणता, असे विचारले तर उत्तर सोपे आहे : “तो पाना कुठे गेला?” या एका प्रश्नापायी वाया जाणारा वेळ कोणी मोजत नाही, कारण तो तुकड्यातुकड्यांनी जातो. गाडीखाली निजलेला माणूस हात बाहेर काढून हत्यार मागतो, पोरगा दोन खोके उपसतो, तिसऱ्यात हात घालतो, चुकीचे हत्यार आणून देतो, शिवी खातो आणि पुन्हा शोधू लागतो. हत्यारांवर खुणा करणे आणि त्यांना जागा नेमून देणे ही किरकोळ टापटीप आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. ही मुळात एका माणसाचे ज्ञान दुसऱ्याच्या हाती देण्याची युक्ती आहे, आणि तिच्याकडे तशा दृष्टीने पाहिले म्हणजे तिचे बरेच नियम आपोआप उलगडतात.

एकट्याचे हत्यार आणि सामाईक हत्यार

जुन्या गावगाड्यातील सुताराने आपल्या वाकसावर किंवा पटाशीवर नाव घातल्याचे क्वचितच दिसेल. त्याला त्याची गरज नव्हती. हत्यारे त्याची स्वतःची होती, मोजकी होती, आणि बहुतेक त्याच्या वडिलांच्या हातून आलेली होती. रंधा डाव्या हाताला, गुण्या भिंतीच्या खुंटीला, गिरमिट कोपऱ्यात, हे त्याच्या हाताला ठाऊक असे. डोळ्यांनी शोधण्याची वेळच येत नसे. लोहाराच्या भात्याजवळ सांडशी ज्या क्रमाने टेकवून ठेवलेल्या असत, तो क्रम बाहेरच्या माणसाला अडगळ वाटला तरी लोहाराला अंधारातही पाठ असे. अशा माणसाच्या दुकानात शिस्त नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिस्त होती, पण ती त्याच्या अंगात होती, भिंतीवर नव्हती.

अडचण सुरू होते ती हत्यार दुसऱ्याने उचलल्यापासून. दोन माणसे एकाच खोक्यातून काम करू लागली की एकाची सवय दुसऱ्याची अडगळ होते. पाच माणसे झाली की कोणाचीच सवय उपयोगी पडत नाही. उस्ताद आजारी पडला म्हणजे तर त्याच्या डोक्यात असलेली सारी मांडणी त्याच्याबरोबर घरी निजून राहते. म्हणूनच मोठ्या कारखान्यांनी आरंभापासून हत्यारांसाठी स्वतंत्र कोठार ठेवले आणि देण्याघेण्याची एक साधी पद्धत बसवली. प्रत्येक कामगाराला त्याच्या क्रमांकाचे काही पितळी बिल्ले दिलेले असतात. हत्यार न्यावयाचे तर कोठाराच्या खिडकीत एक बिल्ला द्यावयाचा. कोठारवाला तो बिल्ला त्या हत्याराच्या मोकळ्या झालेल्या खिळ्यावर अडकवतो. हत्यार परत आले की बिल्ला परत मिळतो. या पद्धतीत वही नाही, सही नाही, आणि अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती पहिल्या दिवशी कळते. फळीकडे नुसती नजर टाकली तरी कोणते हत्यार कोणाकडे आहे हे दिसते. तिचा एक दोष मात्र आहे. दोघांनी यंत्राजवळच हत्याराची अदलाबदल केली तर बिल्ला पहिल्याचाच टांगलेला राहतो, आणि हत्यार दुसऱ्याने हरवले तरी भरपाई पहिल्याच्या पगारातून जाण्याचा संभव उरतो. जुने कामगार नव्या माणसाला आधी हीच गोष्ट बजावतात : आपल्या बिल्ल्यावर घेतलेले हत्यार परस्पर कोणाला देऊ नये.

नावाचा घोटाळा

खूण करावयाची म्हणजे हत्यारावर नाव लिहावयाचे, असे प्रथम वाटते. जबलपूरसारख्या गावात या कल्पनेची परीक्षा लवकर होते. १८१७ पर्यंत हा मुलूख मराठ्यांच्या अंमलाखाली होता, आणि तेव्हापासून, तसेच पुढे नोकरीच्या निमित्ताने, येथे अनेक मराठी घरे वसली. त्यांच्या घरात मराठी आणि कामावर हिंदी चालते. आता हत्यारांची नावे पाहावीत. मराठीतली कानस ही हिंदीत ‘रेती’ होते. मराठी माणसाच्या कानाला रेती म्हणजे वाळू. आणि तिलवाऱ्यास नर्मदेच्या काठावर वाळूला काय तोटा! हिंदीतही वाळूला तोच शब्द आहे, पण हिंदी भाषक कारागिराचा घोटाळा होत नाही, कारण शब्दाबरोबर त्याचा हातही कानस चालवल्यासारखा हलतो. मराठीतला शेगडा हिंदीत ‘बाँक’ होतो, वाकस ‘बसूला’ होतो, पटाशी ‘रुखानी’ होते, करवत ‘आरी’ होते. पकडीला ‘प्लास’ म्हणतात. जो मराठी माणूस ‘स्क्रू-ड्रायव्हर’ म्हणतो त्याच्या शेजारचा ‘पेचकस’ म्हणतो, आणि मुंबई-गुजरातकडून आलेला ‘डिसमिस’ म्हणतो. पाना तेवढा दोन्ही भाषांत पानाच राहतो. अशा दुकानात फळीवर एकच नाव रंगवले तर ते निम्म्या माणसांसाठीच असते, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तर नसतेच.

नावापेक्षा आकडा विश्वासार्ह, असे कोणी म्हणेल. परंतु आकड्यालाही भाषा असते, ही गोष्ट पान्यांच्या बाबतीत फार ठळकपणे दिसते. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांची प्रमाणपद्धती मांडली आणि पुढे ती ब्रिटिश साम्राज्यातील कारखान्यांत पसरली. या पद्धतीच्या पान्यावर जो आकडा असतो, तो बोल्टच्या दांड्याचा व्यास असतो. पान्याच्या जबड्याचे माप तो सांगत नाही. अर्ध्या इंची व्हिटवर्थ पान्याचा जबडा प्रत्यक्षात सुमारे २३.४ मिलिमीटर उघडा असतो. पुढे दुसरी पद्धत आली, तिच्यात आकडा जबड्याचाच धरला गेला. त्या पद्धतीचा अर्ध्या इंची पाना १२.७ मिलिमीटर उघडतो. दोन्ही पान्यांवर ‘१/२’ असेच कोरलेले असते, फरक असतो तो पुढच्या एखाद्या अक्षराचा, आणि ते अक्षर झिजलेले किंवा ग्रीसखाली दडलेले असते. त्यानंतर मेट्रिक पाने आले. भारताने १९५६ साली कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. जबलपूरला त्याच सुमारास जर्मन आराखड्याच्या ‘शक्तिमान’ मालमोटारींचे काम सुरू झाले आणि मिलिमीटरचे पाने नित्याचे झाले. मेट्रिक पान्यावर १७ लिहिले असेल तर जबडा १७ मिलिमीटरचा. जुनी ब्रिटिश यंत्रे आणि नवी जर्मन धाटणीची वाहने ज्या गावात शेजारी शेजारी आली, तेथे एकाच खोक्यात तीन पद्धतींचे पाने जमणे अटळ होते. जुन्या हत्यारांच्या बाजारातून आणलेल्या पान्यांत हे मिश्रण आजही सापडते.

चुकीच्या पान्याने होणारे नुकसान वेळेपुरते नसते. किंचित मोठा पाना नटाचे कोपरे गोल करून टाकतो. जोर लावताना निसटला तर बोटांची कातडी सोलते. यावरचा उपाय अक्षरे मोठी करणे हा नव्हे. तिन्ही पद्धतींना तीन रंग द्यावेत आणि प्रत्येकीला निराळी रांग द्यावी. रंगाचा पट्टा पान्याच्या मध्यभागी द्यावा, कारण जबड्याजवळचा रंग चार दिवसांत निघून जातो. ज्या पान्यांचे आकडे झिजले आहेत ते कॅलिपरने मोजून त्यांचे माप नव्याने कोरावे. मात्र कठीण केलेल्या पोलादावर हातोडीने अंकाचा ठसा मारण्याचा मोह आवरावा. ठसा बोथट होतो, आणि कडक पोलादाला बारीक तडा जाण्याची भीती असते. विजेवर चालणाऱ्या कोरणीने वरवर रेघ ओढणे पुरेसे आहे.

आकृतीची फळी

फ्रान्समध्ये दिदेरो याच्या संपादनाखाली जो विश्वकोश निघाला, त्याच्या चित्रपत्रांचे खंड १७६२ ते १७७२ या काळात छापले गेले. त्यांतील अनेक चित्रपत्रांची रचना सारखी आहे. वरच्या भागात कर्मशाळेतील कामाचे दृश्य, आणि खाली तीच हत्यारे सुटी सुटी, प्रत्येकाची बाह्यरेषा स्पष्ट, जवळ एक आकडा. नाव नंतर, आकृती आधी. ज्याने ते हत्यार जन्मात पाहिले नाही, त्यालाही ते ओळखता यावे असा हेतू त्यामागे होता. आजच्या कारखान्यांत भिंतीवर जी आकृतीची फळी दिसते, तिचे तत्त्व हेच आहे. फळीवर हत्याराची छाया रंगवलेली असते आणि हत्यार त्या छायेवर टांगलेले असते. फळी हिंदीत बोलत नाही आणि मराठीतही बोलत नाही.

अशी फळी करण्यास मोठा खर्च लागत नाही; घाई मात्र करू नये. प्लायवूडची फळी जमिनीवर आडवी ठेवावी आणि सर्व हत्यारे तिच्यावर नुसती मांडून पाहावीत. आरंभी प्रत्येकाला वाटते की सारे पाने एका जागी, साऱ्या हातोड्या एका जागी, साऱ्या कानशी एका जागी ठेवाव्यात. दिसायला ते चांगले असते. काम करताना मात्र चाक उतरवणारा माणूस एका कोपऱ्यातून पाना, दुसऱ्यातून पहार आणि तिसऱ्यातून हातोडी गोळा करीत हिंडतो. म्हणून जी हत्यारे नेहमी बरोबर लागतात ती, जात निराळी असली तरी, शेजारी ठेवणे बरे. याला अपवाद पान्यांचा आहे. ते मापाच्या क्रमानेच हवेत, कारण एक पाना लहान पडला की लगेच त्याच्या पुढचा लागतो. ही मांडणी ठरली की खिळे तात्पुरते ठोकून फळी आठ-पंधरा दिवस वापरावी. या काळात दोन-तीन हत्यारे आपली जागा स्वतःच बदलून घेतात. माणसे ती नेमून दिलेल्या जागी न ठेवता दुसऱ्याच एका जागी ठेवू लागतात. त्यांना रागावू नये. बहुतेक वेळा चूक फळीची असते. जागा स्थिर झाल्यावरच छाया रंगवाव्यात. फळी फिकट पिवळी किंवा पांढरी आणि छाया गडद, म्हणजे संध्याकाळच्या अंधुक प्रकाशातही त्या उठून दिसतात.

नित्य लागणारी हत्यारे कमर ते खांदा या उंचीत असावीत. जड घण वर टांगू नये; त्याची जागा जमिनीलगत. दोन हत्यारांत हाताची मूठ जाईल एवढे अंतर सोडावे, नाही तर एक काढताना दुसरे पडते. जेथे हत्यारांच्या मुठी सारख्या असतात तेथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते : वर दिसणारा भाग हा भेद दाखवणारा भाग असला पाहिजे. तिलवाऱ्यापासून जवळच असलेल्या भेडाघाटला संगमरवरी दगडाच्या मूर्ती व वस्तू घडवणारे कारागीर आहेत. दगड घडवणाऱ्याजवळच्या छिन्न्या मागून पाहिल्या तर एकसारख्या दिसतात; टोकदार, सपाट, दातेरी हा फरक पुढच्या टोकालाच असतो. अशी हत्यारे डब्यात टोक खाली करून ठेवली तर हवी ती मिळवण्यासाठी सगळी उपसावी लागतात. कानशींचेही तसेच आहे. दात खरखरीत की गुळगुळीत हे मुठीवरून कळत नाही. कानशीचे पाते इतके कठीण असते की त्यावर काही कोरता येत नाही, म्हणून खूण लाकडी मुठीच्या माथ्यावर करण्याची पद्धत आहे. ती सोयीची आहे खरी, पण मूठ सैल झाली की कारागीर ती दुसऱ्या कानशीला बसवतो आणि मग खूण खोटे सांगू लागते. मूठ बदलली की खूणही त्याच वेळी बदलली पाहिजे. कानशी एकमेकींना लागू नयेत म्हणून त्यांना वेगवेगळ्या खाचा हव्यात. एकीचे दात दुसरीवर घासून दोन्ही बोथट होतात.

ग्रंथालयाशी तुलना

ग्रंथालयात वावरणाऱ्या वाचकाला येथे एक गोष्ट जाणवेल. एके काळी ग्रंथालयांतही प्रत्येक पुस्तकाला कपाट, फळी आणि त्या फळीवरील जागा कायमची नेमून दिलेली असे. नवी पुस्तके आली की ही व्यवस्था मोडकळीस येई. मेल्व्हिल ड्यूई याने १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले तेव्हापासून पुस्तकाचा क्रमांक जागेशी बांधलेला न राहता विषयाशी बांधला गेला; पुस्तके मागे-पुढे सरकू लागली, पण त्यांचा परस्परक्रम टिकून राहिला. आपल्याकडे शि. रा. रंगनाथन यांनी हा विचार पुष्कळ पुढे नेला आणि वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे एक मूलभूत कर्तव्य मानले. कर्मशाळेनेही त्यांचे अनुकरण करावे काय? कर्तव्याच्या बाबतीत अवश्य करावे. पद्धतीच्या बाबतीत मात्र कर्मशाळेला ग्रंथालयाने टाकून दिलेली जुनी रीतच मानवते. पुस्तकांची संख्या वाढत जाते, हत्यारांची साधारणतः ठरलेली असते. शिवाय ग्रंथालयाच्या फळीवर एखादे पुस्तक नसेल तर शेजारची पुस्तके कलंडून ती फट बुजवून टाकतात. पुस्तक नाही हे कोणाला दिसतही नाही. हत्याराच्या फळीवर जागा कायमची असल्यामुळे रिकामी छाया उघडी पडते. हीच तिची खरी उपयुक्तता होय. अमुक हत्यार कोठे आहे, हे फळीच्या फायद्यांपैकी निम्मेच झाले. अमुक हत्यार जागेवर नाही, ही गोष्ट कोणी न विचारता सांगणे हा उरलेला आणि अधिक मोलाचा फायदा आहे.

याचे महत्त्व विमानाच्या दुरुस्तीत पुरेपूर दिसते. ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा विभागाने २०२४ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. एका एअरबस ए-३८० विमानाच्या तपासणीनंतर सव्वा मीटर लांबीचे एक नायलॉनचे हत्यार त्याच्या इंजिनात राहून गेले होते. विमान सोडण्यापूर्वी हरवलेल्या हत्याराचा शोध घेण्याची ठरलेली कार्यवाही सुरूच झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निघालेले ते विमान ३४ उड्डाणे आणि सुमारे २९४ तास आकाशात राहिल्यावर पुढच्या तपासणीत ते हत्यार सापडले. सुदैवाने अपघात झाला नाही. नागपूर रस्त्यावरच्या मालमोटारीची गोष्ट विमानाइतकी मोठी नसेल. पण इंजिनावर विसरलेला पाना घाटाच्या उतारावर पंख्यात सापडला तर परिणाम लहान होत नाही.

हानीचा दुसरा एक प्रकार आहे, त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. हत्यार सापडेनासे झाले की संशय सर्वांत नव्या आणि सर्वांत लहान माणसावर जातो. तो पोरगा शेजारच्या गावातून आलेला असतो, त्याची बाजू घेणारे कोणी नसते. चार दिवसांनी तोच पाना एखाद्या गाडीच्या खोक्यात किंवा बाकाच्या मागे सापडतो, पण तोवर पोरगा काम सोडून गेलेला असतो. रोज दुकान बंद करताना फळीवर एक नजर टाकली तर हत्यार कोणत्या दिवशी, कोणत्या कामावर गेले एवढे तरी निश्चित होते, आणि संशयाला माणसाऐवजी वेळ आणि जागा मिळते. उस्तादाच्या दृष्टीनेही हेच हिताचे आहे. वर्षभर शिकवलेला हात गमावणे पान्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

पावसाळा, तेल आणि खूण

खूण कशाने करावी याचे उत्तर हवामानावर अवलंबून असते. नदीकाठच्या दमट हवेत, आषाढ-श्रावणात, कागदाची चिठ्ठी चिकटवली तर ती बुरशी धरते. चिकटपट्टीच्या कडांत तेल शिरते आणि ती दोन आठवड्यांत सुटते. शाईचे लेखन रॉकेलच्या एका पुसण्याने जाते. फळीवर तैलरंग आणि पोलादावर कोरलेली रेघ यांना मात्र हे भय नाही. सुट्या खिळ्यांच्या, वॉशरच्या किंवा चुकांच्या डब्यांवर लिहिण्यापेक्षा आतील वस्तूचा एक नमुना बाहेरून तारेने बांधणे उत्तम. तो ग्रीसच्या हातालाही वाचता येतो. हत्यार फळीवर टांगण्यापूर्वी तेलाच्या चिंधीने पुसावे, अन्यथा छाया सुंदर आणि हत्यार गंजलेले अशी स्थिती होते.

फळी एकदा केली की काम संपले असे होत नाही. नवे हत्यार येते, जुने मोडते, आणि ज्याची छाया नाही अशी हत्यारे हळूहळू फळीखालच्या खोक्यात साचू लागतात. ते खोके भरले की फळी निकामी होऊ लागली असे समजावे. जपानी कारखान्यांत जी शिस्त प्रसिद्ध झाली, तिची पहिली पायरी मांडणी ही नसून नको असलेले बाहेर काढणे ही आहे, याचे कारण हेच. आपल्याकडे यासाठी दिवस निराळा शोधावा लागत नाही. मराठी घरांत खंडेनवमीला आणि जबलपूरच्या कारखान्यांत व दुकानांत १७ सप्टेंबरला, विश्वकर्मा पूजेला, हत्यारे बाहेर काढून, धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून मांडली जातात. वर्षातून एकदा सगळी हत्यारे एका वेळी डोळ्यांसमोर येतात ती त्या दिवशी. पूजा आटोपल्यावर ती पुन्हा जागी ठेवताना मोजून ठेवावीत, मोडकी वेगळी काढावीत, आणि ज्यांना छाया नाही त्यांच्यासाठी फळीवर नवी छाया रंगवावी.

एखादे हत्यार धार लावण्यास किंवा दुरुस्तीस बाहेर गेले असेल तर त्याच्या खिळ्यावर पत्र्याचा लहानसा तुकडा टांगावा आणि त्यावर खडूने तारीख व कोणाकडे दिले ते लिहावे. हत्यार परत आले की खडू पुसून तुकडा पुढच्या वेळेसाठी फळीच्या कडेला अडकवून ठेवावा.